खापरांची सरहद्द

मराठीत खापर या शब्दाच्या नशिबी मोठी उपेक्षा आली आहे. मडके शाबूत असेतो त्याला मान असतो. लग्नात त्याची उतरंड रचतात, संक्रांतीला त्याचे सुगड होते, नवरात्रात ते देवघरात बसते. फुटले की त्याचे खापर होते, आणि खापराचा आपल्याला माहीत असलेला उपयोग एकच : ते कुणाच्या तरी माथी फोडायचे.

इतिहासाचा न्याय मात्र उलटा आहे. लाकूड कुजते, कापड विरते, लोखंड गंजते, सोन्याला पाय फुटतात. भाजलेल्या मातीला यांपैकी काहीच होत नाही. फुटक्या मडक्याला कुणी चोरत नाही, त्याला कुणी वितळवीत नाही, आणि त्याचा वारसाही कुणी सांगत नाही. ते जिथे फुटले त्याच्याच आसपास उकिरड्यात पडून राहते. आपल्या खेड्यांत शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एखाद्या जुन्या पांढरीवर पहिला पाऊस पडून गेला की पायाखाली खापरेच खापरे उघडी पडतात. त्या खापरांत तीन-तीन हजार वर्षांपूर्वीचा स्वयंपाक, पाणी आणि धान्य साठवलेले असते.

पुराणवस्तू संशोधकांनी खापरे गोळा करायला सुरुवात केली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात लवकर आली. या खोऱ्यातले मडके त्या खोऱ्यातल्या मडक्यासारखे नसते. कुठे काठ बाहेर वळलेला, कुठे सरळ. कुठे लाल अंगावर काळी नक्षी, कुठे नुसतेच राखी अंग. मग साहजिकच नकाशा पुढे आला. सारखी खापरे सापडली तिथे तिथे टिंब दिले, टिंबांभोवती रेघ ओढली आणि रेघेच्या आतल्या मुलखाला एका 'संस्कृती'चे नाव दिले. इथवर बिघडले काहीच नाही. बिघडले ते पुढच्या पायरीवर. रेघेच्या आत एक मडके, म्हणून एक लोक. एक लोक, म्हणून एक भाषा. एक भाषा, म्हणून एक वंश. आणि वंश आमचा, म्हणून जमीनही आमची! पाच पावलांत माणूस उकिरड्यावरून रणांगणावर जाऊन पोचतो. ही माझी अतिशयोक्ती नाही. युरोपात हे घडले आहे.

जर्मनीत गुस्टाफ कोसिना नावाचे प्राध्यापक होते. मूळचे ते भाषाशास्त्राचे अभ्यासक. तिथून ते प्रागितिहासाकडे वळले. जर्मन लोकांच्या उगमाविषयी त्यांनी १९११ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एक सिद्धांतच मांडला : ज्या प्रदेशाच्या वस्तू स्पष्ट सीमेने वेगळ्या दिसतात, तो प्रदेश नेहमी एका विशिष्ट लोकसमूहाचा असतो. पहिले महायुद्ध संपून व्हर्सायला तहाच्या वाटाघाटी चालू होत्या, त्याच १९१९ साली याच कोसिनांनी विस्तुला नदीकाठचा मुलूख फार पुरातन काळापासून जर्मनांची मातृभूमी आहे, असे सांगणारी पुस्तिका काढली. साक्षीला होती जमिनीतून निघालेली भांडीकुंडी.

गंमत पुढेच आहे. याच कोसिनांच्या हाताखाली बर्लिनमध्ये युझेफ कोस्त्शेव्स्की नावाचा एक पोलिश विद्यार्थी शिकत होता. १९१४ साली त्याने डॉक्टरेट मिळवली आणि पोलंड पुन्हा स्वतंत्र झाल्यावर तो पोझनानच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. गुरूची विद्या त्याने नीट आत्मसात केली होती, ती त्याने गुरूवरच उलटवली. त्याच मुलखातली लुसेशियन म्हणून ओळखली जाणारी मडकी प्राचीन स्लाव्ह लोकांची, अर्थात पोलिशांच्या पूर्वजांची आहेत, असे त्याने मांडले. पुढे १९३३ साली वालेंती श्वाय्त्सेर नावाच्या एका शाळामास्तराला बिस्कुपिन येथील तळ्याच्या पाण्यातून वर आलेले जुने लाकूडकाम दिसले. १९३४ पासून कोस्त्शेव्स्कींनी तिथे खोदकाम केले, आणि गाळाखालून तटबंदी, रस्ते आणि घरांच्या रांगा असलेले एक सबंध लाकडी गाव वर आले. साऱ्या पोलंडला ते आपल्या पूर्वजांचे गाव वाटले. १९३९ साली जर्मन फौजा आल्या. मग हिटलरच्या एसएस संघटनेतले संशोधक त्याच जागी, नेमके उलटे सिद्ध करण्यासाठी, खणू लागले. १९४५ नंतर पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकली, तेव्हा तीच मडकी पुन्हा एकदा साक्षीला उभी राहिली.

बिस्कुपिनच्या ओकाच्या ओंडक्यांवरील वर्तुळे मोजून आता कळले आहे की त्यांतली निम्म्याहून अधिक झाडे इसवी सनापूर्वी ७३८-७३७ च्या हिवाळ्यात तोडलेली होती. झाड कोणत्या थंडीत तोडले ते सांगता येते. पण तोडणारा माणूस घरी कोणती भाषा बोलत होता, हे त्या गावातले एकही मडके सांगत नाही. गुरू आणि शिष्य दोघेही विद्वान होते, दोघांची खापरे खरी होती. चूक खापरांत नव्हती. ती त्यांच्याभोवती ओढलेल्या रेघेत होती.

मग प्रश्न असा : रेघ मुळात असते का?

आपल्याकडे म्हणतात की दर बारा कोसांवर भाषा बदलते. या म्हणीतले शहाणपण असे की तिच्यात कुठेही रेघ नाही. पुण्याहून निघालेला माणूस सोलापूरला पोचेपर्यंत बोली बदललेली असते. पण नेमकी कोणत्या गावच्या वेशीवर बदलली, हे त्याला सांगता येत नाही. मडक्याचेही असेच असेल तर? ज्याला आपण सरहद्द म्हणतो तो हळूहळू उतरत जाणारा उतार असेल, आणि नकाशा काढणाऱ्याने सोयीसाठी त्यावर पायरी खोदली असेल, तर? याचे उत्तर नजरेने देता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते. संख्याशास्त्र आणि नकाशा यांची सांगड घालणारी विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासाच्या मदतीला आली ती इथे. ती कशी चालते, हे समजायला फारसे गणित लागत नाही.

पहिली अडचण मोजण्याचीच. एक रांजण फुटला तर त्याची दोनशे खापरे होतात, एक वाटी फुटली तर पाच. नुसती खापरे मोजली तर रांजणवाल्यांचे राज्य मोठे दिसणार! म्हणून काठाचे तुकडे निवडतात. तुकड्यावरचा काठ पुऱ्या वर्तुळाचा कितवा भाग आहे ते मोजतात. पाव वर्तुळ असेल तर पाव मडके. अशी बेरीज करत गेले की प्रत्येक गावी कोणत्या जातीचे भांडे शेकडा किती होते, याचा बराच विश्वासू अंदाज येतो. यात एक पथ्य आहे : रंगीत, नक्षीदार तुकडे उचलायचे आणि ओबडधोबड टाकून द्यायचे, ही जुन्या संग्राहकांची सवय इथे चालत नाही. टाकून दिलेल्याचा हिशोब नसेल तर उचललेल्याची टक्केवारी खोटी ठरते.

दुसरी पायरी शेजाऱ्यांची. प्रत्येक गावचा आकडा त्याच्या शेजारच्या गावांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा. शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर नकाशात काही रचना आहे. नसेल तर टिंबे नुसती विखुरली आहेत. पॅट्रिक मोरान या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली यासाठी एक माप दिले, ते अजून त्याच्या नावाने चालते. पण माप आले तरी शंका उरतेच : हे सारखेपण योगायोगाचे तर नसेल? त्यावर तोड अशी की गावे जिथल्या तिथे ठेवायची आणि त्यांचे आकडे पत्त्यांसारखे पिसून पुन्हा वाटायचे. एकदा नव्हे, हजारदा. हे काम आता संगणक क्षणात करतो. हजार डावांत खऱ्या नकाशाइतके सारखेपण क्वचितच जमले, तरच ते खरे मानायचे. कोसिनांनी टिंबे पाहिली होती; पत्ते मात्र कधी पिसले नव्हते.

तिसरी पायरी दोन गावांमधल्या रिकाम्या जागेची. जिथे कुणी खणलेच नाही, तिथे काय असेल? या प्रश्नाला उत्तर मिळाले ते सोन्याच्या खाणीतून. दक्षिण आफ्रिकेतील डॅनियल क्रिगे या खाण-अभियंत्याला दोन छिद्रांमधल्या खडकात सोने किती असेल याचा अंदाज हवा होता. जवळच्या छिद्राला अधिक वजन, दूरच्याला कमी, आणि किती कमी ते त्याच खाणीच्या अनुभवावरून ठरवायचे, अशी रीत त्याने १९५१ च्या सुमारास काढली. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरों यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. या रीतीचा मला सर्वांत आवडणारा गुण असा की ती एका नकाशाबरोबर दुसराही देते. पहिल्यात अंदाज असतो, आणि तो कुठे पक्का, कुठे कच्चा, हे दुसऱ्यात असते. आपल्या अज्ञानाचाही नकाशा काढणारी विद्या मला तरी आदरणीय वाटते. इतिहासावरून भांडणाऱ्यांनी हा दुसरा नकाशा आधी पाहावा.

हे प्रत्यक्षात कसे घडले याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडात आहे. रोमन अमलाच्या उत्तरकाळात, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत, आज जिथे ऑक्सफर्ड शहर आहे त्याच्या परिसरात कुंभारांच्या भट्ट्या होत्या. शहर त्या वेळी नव्हते. चांगली माती होती, सरपण होते आणि जवळून रोमन सडक जात होती. तिथली लाल लेपाची वाडगी आणि मसाला घोटायची खरबरीत तळाची थाळी दूरदूर खपत. दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाच्या अरण्यात दुसऱ्या भट्ट्या होत्या, आणि त्यांचा माल याच मालाशी स्पर्धा करी. १९७४ च्या सुमारास मायकेल फुलफर्ड आणि इयन हॉडर या दोन तरुण संशोधकांनी निरनिराळ्या जुन्या वस्त्यांतून ऑक्सफर्डच्या मालाचे प्रमाण काढले आणि ते भट्ट्यांपासूनच्या अंतराशी ताडून पाहिले.

जुन्या पद्धतीने काम झाले असते तर इथे 'ऑक्सफर्ड-लोक' आणि तिथे 'न्यू फॉरेस्ट-लोक' अशी रेघ ओढून मोकळे झाले असते. आकडे वेगळेच बोलले. भट्टीपासून जसजसे दूर जावे तसतसे प्रमाण घटत जाते. कुठे थांबत नाही, कुठे एकदम पडत नाही. ही घट एका उतरत्या रेघेने दाखवता येते. पण काही गावे या रेघेला जुमानीत नव्हती. अंतराच्या मानाने तिथे माल फार जास्त होता. ही फटकून वागणारी गावे कोणती, हे पाहू गेल्यावर उलगडा झाला : ती पाण्याच्या वाटेने गाठता येणारी गावे होती. टेम्स नदी ऑक्सफर्डवरून लंडनकडे वाहते. खडखडणाऱ्या बैलगाडीत मडकी घालून नेणाऱ्याची निम्मी कमाई वाटेतच फुटते. होडीत तीच मडकी गवतात गुंडाळून झोपेत नेता येतात. जमिनीवरची वाहतूक जलमार्गाहून कितीतरी महाग होती, हे इसवी सन ३०१ मधील सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकावरूनही दिसते. वंश नाही, भाषा नाही. नकाशावरील फरकामागे नदी होती, होडी होती आणि कुंभाराचा नफातोटा होता.

यातला धडा माझ्या मते असा. सरासरीची रेघ हे काही संख्याशास्त्राचे अंतिम फळ नव्हे. नियम माहीत झाला म्हणजे नियमाला न जुमानणारे कोण, हे कळते. आणि इतिहास बहुधा त्यांच्यापाशी दडलेला असतो. हॉडर आणि क्लाइव्ह ऑर्टन यांनी १९७६ साली या साऱ्या रीतींचा एक ग्रंथच लिहिला.

मात्र एवढ्यावरून 'सरहद्द म्हणून काही नसतेच' असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. हॉडर स्वतःच पुढे केनियात बारिंगो सरोवराच्या काठी गेले. तिथे तीन जमाती शेजारी शेजारी राहतात. त्यांची ये-जा असते, देवघेव असते. उताराचा नियम सर्वत्र खरा असता तर तिथे सारे एकमेकांत मिसळून गेलेले दिसायला हवे होते. पण स्त्रियांच्या कानांतले अलंकार जमातीच्या सीमेवर एकदम बदलत होते. आणि त्याच वेळी तरुणांचे भाले आणि दुधाच्या भोपळ्यांवरची नक्षी या सीमा ओलांडून सर्रास पलीकडे जात होती. हे त्यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. म्हणजे सीमा असते. पण ती सगळ्या वस्तूंना सारखी लागू नसते. एक वस्तू 'आम्ही वेगळे' म्हणून सांगते, दुसरी त्याच घरातून निघून परक्यांच्या घरी नांदते. एका जातीच्या खापरावरून अख्खी माणसे वाटून टाकणाऱ्याने बारिंगोच्या त्या बायकांचे कान आणि त्यांच्या घरचे भोपळे, दोन्ही पाहायला हवेत.

हे झाले परमुलखाचे. पण हा प्रश्न आपल्या अंगणातही आहे, आणि जरा नाजूक आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली तिथे उत्खनन केले. तिथे लाल अंगावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली, इतकी चांगली भाजलेली भांडी निघाली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजावीत. लांब तोटीचे भांडे आणि कंबरेशी मुडपलेले वाडगे ही त्यांची ओळख. त्या गावाचेच नाव या भांड्यांना पडले. मग नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर, दायमाबादला, तापीकाठी प्रकाशे येथे, घोड नदीकाठी इनामगावला, अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढीला, जिथे खणावे तिथे जोर्व्याचे खापर निघू लागले. आता अशा दोनशेंहून अधिक जागा माहीत झाल्या आहेत. काळ इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १०००. त्यानंतरचा उत्तर जोर्वे काळ सुमारे ७०० पर्यंत.

या जागा नकाशावर मांडल्या की एक विलक्षण चित्र दिसते. कोकणपट्टी आणि विदर्भाचा पूर्वभाग वगळला तर जवळजवळ आजचा महाराष्ट्र! १ मे १९६० रोजी जो नकाशा मोठ्या झगड्यानंतर सिद्ध झाला, तो तीन हजार वर्षांपूर्वी कुंभारांनी आधीच काढून ठेवला होता, असे कुणालाही वाटावे. वाटणे साहजिक आहे आणि सुखदही आहे. म्हणूनच इथे सावध राहायला हवे. कोसिनांनाही असेच सुखद वाटले असेल, आणि त्यांच्या शिष्यालाही.

या नकाशाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, कडांचा. जोर्वे भांडी नर्मदेकाठी नावडातोलीला सापडली आहेत, आणि दक्षिणेत थेट बल्लारी जिल्ह्यातल्या तेक्कलकोट्यापर्यंत त्यांचा माग लागतो. म्हणजे कडा फाटल्यासारखी तुटत नाही. ती पदरासारखी विरळ होत जाते. दुसरा प्रश्न, कडेच्या कारणाचा. जिथे काळी जमीन आणि बेताचा पाऊस तिथे हे शेतकरी दिसतात; कोकणचा मुसळधार पाऊस आणि जांभा खडक लागला की दिसेनासे होतात. हीच जमीन पुढेही माणसांना एका तऱ्हेच्या शेतीत आणि एका तऱ्हेच्या खेड्यात बांधत आली. तेव्हा दोन नकाशे जुळतात ते एका मातीवर उभे आहेत म्हणून जुळत असतील. रक्त एक किंवा भाषा एक असे त्यावरून ठरत नाही. जोर्व्याचे लोक काय बोलत, हे आपल्याला कळलेले नाही, आणि लिपीच नसल्यामुळे खापरांवरून ते कळण्याचा मार्गही नाही.

तिसरा प्रश्न, आतल्या फरकांचा. आणि खरी मोजदाद इथे हवी. रेघेच्या आत सारे सारखे असते, हाही भ्रमच. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तापी आणि गोदावरी खोऱ्यांतल्या वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव मात्र तग धरून राहिले, जरा दरिद्री होऊन, पण राहिले. एकाच 'संस्कृती'च्या दोन खोऱ्यांचे नशीब असे वेगळे. शिवाय सगळीच भांडी काही प्रवासाला निघत नाहीत. इनामगावला कुंभाराची भट्टी सापडली आहे. मेलेली लहान मुले घराच्या भुईखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन राखी कुंभांत पुरत. तसले हाताने घडवलेले जाड कुंभ आणि धान्याचे रांजण जिथल्या तिथे राहणार. तोटीचे नाजूक भांडे मात्र सोयरिकीबरोबर दुसऱ्या गावी जाणार. म्हणजे रांजणांचा उतार उभा आणि रंगीत भांड्यांचा सपाट असायला हवा. तसा तो आहे का? एका खोऱ्यात तो सपाट आणि घाटाआड एकदम उभा होतो का? प्रवरेचे भांडे प्रवाहाच्या दिशेने अधिक गेले, की बैलाच्या पाठीवरून खिंडीतून? यात एक मोठी अडचण आहे. दख्खनचा काळा खडक मैलोन्‌मैल एकच, त्यामुळे मातीही सारखी. मडक्याच्या मातीवरून त्याचे गाव ओळखणे इथे सोपे नाही. म्हणून तर काठाची वळणे, नक्षीची मांडणी आणि शेकडा प्रमाणे यांच्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते. आणि रिकाम्या जागा पाहताना हेही विसरता येत नाही की कित्येक ठिकाणी खापर नाही याचा अर्थ तिथे माणूस नव्हता असा नसून तिथे अजून संशोधक गेलेला नाही, एवढाच असतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? मेलेल्या कुंभारांची टक्केवारी काढून जिवंत माणसाला काय मिळणार? त्याला माझे उत्तर बिस्कुपिन हे आहे. खापर मुके आहे, म्हणून त्याच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालता येतात, आणि असे घातलेले शब्द पुढे शाळेच्या पुस्तकांत जातात, सभांत जातात, सैन्याबरोबर जातात. मोजदादीने सरहद्दी नाहीशा होणार नाहीत. पण रेघ ओढणाऱ्याला ती किती गावांच्या आधारावर ओढली, ती कुठे पक्की आहे, कुठे अंदाजाची आहे आणि कुठे नुसत्या इच्छेची आहे, एवढे तरी सांगावे लागेल. शाळेच्या नकाशात आपण एक राज्य हिरवे आणि दुसरे पिवळे रंगवतो. राज्यकारभाराला ते ठीक आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलींचा नकाशा मात्र असा रंगवता येत नाही. तिथे हिरव्यातून पिवळ्यात जाताना मधल्या साऱ्या छटा भराव्या लागतात, आणि जिथे ठाऊक नाही तिथे कागद कोरा सोडावा लागतो.

असा नकाशा जोर्व्याच्या भांड्यांचा व्हावा. त्यासाठी पांढरीवर वाकून खापरे वेचावी लागतील, नक्षीदारही आणि बिननक्षीचीही, आणि एकूण एक मोजावी लागतील. तोवर त्यांच्याभोवती रेघ ओढण्याची घाई कुणी करू नये. आपल्या बाजूची रेघ असली तरीही.